करंगळी ऐकेना झाली तेव्हा: परभणी जिल्ह्यातल्या एका व्हायोलिनवादकाचं प्रकरण

मी तबला वाजवतो आणि आमच्या तालुक्याच्या गावी एक छोटं संगीत मंडळ चालवतो. वर्षाला चार-पाच बैठकी, एक गुरुपौर्णिमा, एक दिवाळी पहाट, एवढाच पसारा. ज्या व्हायोलिनवादकाबद्दल लिहितोय त्यांच्यासोबत मी वीस वर्षं वाजवलंय. त्यांच्या दोन चुकीच्या निर्णयांत माझा हात होता, त्यामुळे मी तटस्थ नाही. त्यांच्या संमतीनं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिलं आहे. त्यांचे विद्यार्थी त्यांना 'सर' म्हणतात, मीही इथं तेच म्हणतो.

पार्श्वभूमी

सरांचा जन्म १९७८चा. घरची चार एकर कोरडवाहू जमीन. वडील गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवत. सर बारा वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना पूर्ण्याच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याकडे नेऊन बसवलं. हे गुरुजी व्हायोलिन हैदराबादला शिकले होते.

मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात. शिकायला, नोकरीला, दवाखान्याला माणसं हैदराबादलाच जात. त्यामुळे आमच्याकडे व्हायोलिन दोन दारांनी आलं, असं मी म्हणतो. एक दार पुण्या-मुंबईचं: नाट्यसंगीत, गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार ही रेडिओवर ऐकलेली नावं. दुसरं दार दक्षिणेचं. तिकडे मुत्तुस्वामी दीक्षितरांचे भाऊ बालुस्वामी दीक्षितर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच या विलायती वाद्याला कर्नाटक संगीतात आणलं आणि ते गाण्याच्या साथीचं मुख्य वाद्य झालं. गुरुजी या दुसऱ्या दारानं आले होते. त्यांनी सरांना पहिली दोन वर्षं जे पाठ घोटायला लावले त्यांना दक्षिणेत 'सरळी वरसै' म्हणतात, हे सरांना फार उशिरा कळलं.

हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण सगळी पुढची गोष्ट या हातावर आहे. गुरुजींच्या शिकवणीत डाव्या हाताची चारही बोटं सारखी कामाला होती. व्हायोलिनमध्ये तर्जनी पहिलं बोट, करंगळी चौथं. सर काळी एकला, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, वाजवताना तारा प-सा-प-सा अशा लावत. सा-च्या तारेवर तर्जनीनं रे, मधल्या बोटानं ग, अनामिकेनं म आणि करंगळीनं प. तान घेताना करंगळी टाकली की बरोबर प वर. सरांच्या द्रुत ताना स्वच्छ होत्या त्या या शिस्तीमुळे. दुसरीकडे, शनिवारी रात्रीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्यांनी एन. राजम यांचं गायकी अंगाचं, म्हणजे गळ्यातल्या गाण्यासारखं, वादन ऐकलं आणि मींडेच्या मागे लागले. मींड घेताना मुख्य काम पहिल्या दोन बोटांचं: बोट तारेवरून न उचलता सरकत जातं. त्यामुळे सरांच्या हातात दोन्ही गोष्टी होत्या. लोकांना मात्र तानाच आवडत. टाळ्या तिथंच पडत.

विशारद झालं, २००१मध्ये पुण्याला जाऊन राहिले, आठ महिन्यांत परत आले. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता आणि घरी दुसरं कोणी नव्हतं. परभणी आकाशवाणीची ऑडिशन दिली, 'बी' श्रेणी मिळाली, पुढे 'बी हाय'. एका विनाअनुदानित शाळेत संगीतशिक्षक म्हणून सहा वर्षं काढली. पगार कधी तीन हजार, कधी पुढच्या महिन्यात. शेवटी ती शाळा सोडून घरीच वर्ग सुरू केला.

२०१८ साली त्यांचं घर असं चालायचं: वर्गात सव्वीस विद्यार्थी, महिन्याला प्रत्येकी चारशे रुपये. वर्षातून काही वेळा रेडिओ. सुगम संगीत, नाट्यगीतं, नारदीय कीर्तनाला साथ, एका वेळचे पंधराशे ते अडीच हजार. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट हा हंगाम. आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रा. ऑर्केस्ट्राबद्दल ते घरी बोलत नसत, पण वर्षाचा जवळजवळ निम्मा पैसा तिथून यायचा. वहिनी अंगणवाडीत सेविका. मुलगा दहावीत. वडिलांच्या आजारपणासाठी काढलेलं कर्ज अजून फिटायचं होतं.

अडचण

२०१८च्या दिवाळी पहाटेला सरांनी पहिल्यांदा तक्रार केली. "बोटं झोपायलीत," एवढंच म्हणाले. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिकेची बाहेरची बाजू. पहाटेचा गारठा होता, पाच वाजल्यापासून उघड्यावर बसलो होतो, माझीही बोटं आखडली होती. कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

जानेवारीत आमच्या मंडळाची बैठक होती. सरांचं एकल वादन मी ठरवलं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या, परभणीहून दोन जाणकार येणार होते, आणि त्यांच्या कानावर सर पडले तर 'ए' श्रेणीसाठी धीर येईल असा माझा हिशेब होता. आठवडाभर आधी सर म्हणाले, "या खेपेला राहू द्या का? रात्री हात बधिर पडायलाय." मी म्हणालो, "सर, आता पत्रिका गेल्यात." हा पहिला चुकीचा निर्णय, आणि तो माझा.

त्या दिवशी बिहाग वाजवला. विलंबित उत्तम झालं. द्रुत तीनतालात आल्यावर तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात मला डग्ग्यावरून वर बघावंसं वाटलं. करंगळी तारेवर पडत होती पण वेळेवर उठत नव्हती. प मागेपुढे व्हायला लागला. त्यांनी ताबडतोब प खुल्या तारेवर घ्यायला सुरुवात केली. तारा प-सा-प-सा लावल्या असतील तर पुढची तार प चीच असते, त्यामुळे सूर मिळतो. पण खुली तार कोरडी वाजते. दाबलेल्या प ला जो जीव असतो तो तिच्यात नसतो, हलवता येत नाही. श्रोत्यांना बहुधा काही कळलं नाही. मला कळलं होतं. मी घरी जाताना "द्रुत छान झालं" म्हणालो.

निदानाचा घोळ

पुढचे सात महिने वाया गेले. त्यातले निदान चार टाळता आले असते.

गावातल्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढला. चाळिशीत मानेच्या मणक्यात काही ना काही दिसतंच, तसं दिसलं. पट्टा दिला, बी-बाराची इंजेक्शनं दिली. पट्टा लावून व्हायोलिन धरता येत नाही, म्हणून सर वर्गाच्या वेळी तो काढून ठेवत. मग कोणीतरी सुचवलं म्हणून एका मालिशवाल्याकडे गेले. त्यानं कोपराच्या आतल्या बाजूलाच जोरानं चोळलं. त्यानंतर आठ दिवस मुंग्या वाढल्या. आता मागे वळून बघितलं तर तोच सगळ्यात मोठा पुरावा होता, पण तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

नेमकं लक्षात आणून दिलं वहिनींनी. त्यांचं म्हणणं होतं, "हे झोपताना हात उशाखाली मोडून घेतेत. पहाटे उठून हात झटकतेत. मान दुखते असं एकदाही म्हणले नाहीत." मी ही गोष्ट संभाजीनगरला प्रॅक्टिस करणाऱ्या माझ्या वर्गमित्राला फोनवर सांगितली. तो फिजिओथेरपिस्ट आहे. त्यानं दोनच प्रश्न विचारले: करंगळी आणि अर्धी अनामिका, की सगळी बोटं? आणि कोपर वाकवल्यावर वाढतं का? दोन्हींची उत्तरं मिळाल्यावर म्हणाला, मान सोडा, कोपर बघा.

कोपर दारावर आपटलं की हातात करंट लागतो. ती जी नस, तिला अल्नर नस म्हणतात. ती कोपराच्या आतल्या हाडाच्या मागून, अगदी कातडीखालून जाते. कोपर वाकवलं की ती ताणली जाते, टेकवलं की दाबली जाते. करंगळी आणि अर्ध्या अनामिकेची संवेदना तिच्याकडे, आणि बोटं पसरवणारे तळहातातले लहान स्नायूही बहुतेक तिच्याच ताब्यात. ऑगस्ट २०१९मध्ये संभाजीनगरला नसांची विद्युत तपासणी झाली. डाव्या कोपरापाशी वहन मंद झालेलं होतं. स्नायू अजून सुकले नव्हते.

वर्गमित्रानं सरांना वाजवायला सांगितलं आणि बाजूला बसून बघितलं. आपल्याकडे वादक मांडी घालून बसतो, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर आणि मागचा भाग छातीला किंवा खांद्याला. दोन्हीकडून आधार असल्यामुळे डावा हात मोकळा राहतो, म्हणूनच लांब मींड शक्य होते. सर मात्र गेली कित्येक वर्षं साथीला बसले की डावं कोपर डाव्या गुडघ्यावर टेकवत. गायक लांबण लावतो, साथीदार वाट बघत बसतो, अशा वेळी हात टेकवायची सवय लागली आणि तीच वाजवताना राहिली. मी वीस वर्षं शेजारी बसत होतो. मला ते त्यांचं डौलदार बसणं वाटायचं.

समोर असलेले पर्याय

शल्यचिकित्सकांनी स्पष्ट सांगितलं: आत्ता शस्त्रक्रिया करण्याइतकी वेळ आलेली नाही. कारण काढून टाका, रात्री कोपर सरळ ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. पकड कमी झाली किंवा अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग खोल जायला लागला तर मग थांबायचं नाही.

ऐकायला सोपं होतं. पण गणपती पंधरा दिवसांवर आले होते. दहा दिवसांत नऊ कार्यक्रम घेतलेले, त्यातल्या चार ठिकाणी आगाऊ पैसेही घेतलेले आणि ते मुलाच्या अकरावीच्या प्रवेशात गेलेले.

सरांच्या घरी ओट्यावर बसून आम्ही चौघं ज्या गोष्टी बोललो त्या अशा.

सगळं बंद करायचं, आगाऊ परत करायचं. पैसे कुठून, हा प्रश्न. मी देतो म्हणालो. सर तयार होईनात.

अर्धं करायचं. साथीचे कार्यक्रम ठेवायचे, ऑर्केस्ट्रा सोडायचा. माझा कल इकडे होता.

ठरलेलं सगळं वाजवायचं आणि मग थांबायचं. सरांचा कल.

शस्त्रक्रिया लगेच मागायची, म्हणजे एकदाचं मिटेल. हा मुलाचा विचार होता. त्याच्या वयात सगळ्या गोष्टी एकदाच्या मिटवता येतात असं वाटतं. पण डॉक्टर नको म्हणत असताना हाताला सुरी लावून घेणं वादकाला परवडणारं नव्हतं. शिवाय पुढचा हिशेब शस्त्रक्रियेनंही सुटणार नव्हता. दाबानं नसेतले धागे तुटले असतील तर ते पुन्हा वाढतात ते ढोबळ मानानं दिवसाला एक मिलिमीटरच्या वेगानं. कोपरापासून बोटांपर्यंतचं अंतर मोजा, वर्ष सहज जातं.

आणि एक पर्याय वहिनींनी शेवटी मांडला. "व्हायोलिन ठेवा. पेटी शिकवा, गाणं शिकवा. तुमचा गळा बी चांगलाय." सर काही बोलले नाहीत. आत गेले आणि गजाला राळ लावायला लागले. तेव्हा त्यांना राग आला होता, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. पुढे वर्ग टिकला तो नेमका याच सूचनेमुळे.

काय केलं

गणपतीत सगळं वाजवलं. दुसरा चुकीचा निर्णय. हा सरांचा, पण मी नवांपैकी पाच ठिकाणी तबल्यावर होतो आणि माझेही पैसे त्यात होते. मी विरोध केला तो तोंडदेखला.

सातव्या दिवशी ऑर्केस्ट्रात एका गाण्याच्या मधल्या तुकड्यात करंगळी पूर्ण गेली. बोट दिसत होतं, हलत होतं, पण कुठं पडतंय ते त्यांना कळत नव्हतं. विसर्जनानंतर तपासणी केली तेव्हा पकड थोडी उतरलेली होती. डॉक्टर म्हणाले, आता तीन महिने वाद्याला हात लावायचा नाही, डिसेंबरात बघू, नाहीतर शस्त्रक्रिया.

इथून पुढचं मात्र नीट झालं, आणि ते कसं झालं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे.

झोपेचं काम वहिनींनी हातात घेतलं. बाजारात मिळणारी पट्टी महाग होती आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटणारी. त्यांनी कोपराभोवती मऊ टॉवेल गुंडाळला, बाहेरून पुठ्ठ्याचं नळकांडं आणि वर कापडी पट्टा. हात मोडताच येत नव्हता. फिजिओनं ते बघून आहे तसंच चालू द्या म्हणून सांगितलं. तीन आठवड्यांत रात्री उठणं थांबलं.

वर्ग बंद केला नाही. सर वाजवत नव्हते, गात होते. पलटे, म्हणजे सुरांचे सरावाचे पाठ, गाऊन दाखवायचे, विद्यार्थी वाजवायचे. सुरुवातीला सहा मुलं गळाली. पालकांचं म्हणणं, सर वाजवत नाहीत तर शिकवणार कसे? उरलेल्या वीस जणांत एक वेगळाच बदल दिसला. मुलं सरांच्या बोटांकडे बघून नक्कल करत होती ते बंद झालं, ऐकून सूर शोधायला लागली. हे काही ठरवून झालेलं नव्हतं.

ऑर्केस्ट्राचा पिकअप आणि छोटा अँप सरांनी विकून टाकला. मला वाटलं पैशांसाठी. ते म्हणाले, "घरात राहिलं तर हंगामात हात जाईल."

पैशांची तजवीज अशी: मंडळानं पुढच्या वर्षाच्या चार बैठकींचं नियोजन सरांकडे दिलं आणि त्याचं मानधन महिन्यावर वाटून दिलं. रक्कम मोठी नव्हती, पण ती मदत नव्हती, काम होतं, म्हणून सरांनी घेतली. त्याच सुमारास ते व्हायोलिन दुरुस्तीकडे वळले. आमच्याकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की खुंट्या आकसून सुटायला लागतात, पावसाळ्यात त्याच फुगून अडकतात. वरची पाटी कडेनं उकलते. आणि नवखा माणूस चारही तारा एकदम सोडतो, मग आतली छोटी दांडी, साउंड पोस्ट, पडते आणि वाद्याचा आवाज बसतो. यातलं काहीही झालं की वाद्य पुण्याला पाठवायचं. सतार-तंबोऱ्याला मिरज आहे, व्हायोलिनला आमच्याकडे कोणी नाही. सरांनी खुंट्यांना खडू आणि साबण लावण्यापासून सुरुवात केली, मग तारांखालची घोडी घासणं, दांडी उभी करणं. यात उजवा हात जास्त लागतो, डावा फक्त धरायला.

डिसेंबरची तपासणी बरी आली. पकड परत आली होती. शस्त्रक्रिया पुढे ढकलली. जानेवारीपासून रोज पाच मिनिटं वाजवायची परवानगी मिळाली, घड्याळ लावून. आणि मार्चमध्ये टाळेबंदी लागली.

हे लिहिताना संकोच वाटतो, पण टाळेबंदीनं सरांचा हात वाचवला. कार्यक्रमच नव्हते, तर नाही म्हणायची वेळच आली नाही. २०२०च्या गणपतीत सार्वजनिक कार्यक्रम जवळजवळ झालेच नाहीत. घराचे मात्र बेकार हाल झाले, तो भाग वेगळा. एक धोका मात्र अनपेक्षित जागेवरून आला. वर्ग फोनवर सुरू झाले आणि सर तासन्‌तास डाव्या हातात फोन धरून, कोपर मोडून बसायला लागले. दोन आठवड्यांत मुंग्या परत. मुलानं चार विटा रचून त्यावर फोन उभा केला. अजून तसाच आहे.

हाताची नवी मांडणी

हा भाग वादकांसाठी. इतरांनी सोडून दिला तरी चालेल.

बसताना आता सरांच्या खाली चार बोटं जाड गादी असते. बैठक उंच झाली की गुडघे खाली जातात आणि कोपर टेकवायला काही सापडतच नाही. नुसतं "टेकवू नका" सांगून वीस वर्षांची सवय गेली नसती.

तार सप्तकात हात अंगाकडे येतो, कोपर अधिक वाकतं. म्हणून विस्तार मंद्र-मध्यात जास्त आणि वर जाणं मोजकं. द्रुतच्या जागी मध्यलय. करंगळी नेमकेपणानं पडत नसल्यामुळे पहिल्या दोन बोटांवर, म्हणजे गायकी अंगावर भर.

सगळ्यात रोचक वाटला तो राग निवडण्याचा हिशेब. सुरुवातीला सरांना वाटलं, मारवा घ्यावा, आलापप्रधान आहे, झेपेल. पंधरा मिनिटांत हात दमला. कारण साधं आहे: मारव्यात प वर्ज्य आणि सा टाळत टाळत जायचं, आणि व्हायोलिनच्या खुल्या तारा तर सा आणि प च्याच. म्हणजे वाद्याची एकही खुली तार मदतीला येत नाही, प्रत्येक सूर दाबून काढायचा. भूप, देस, बिहाग यांत सा आणि प पाठीशी उभे असतात, बोटांना मधे मधे विसावा मिळतो. राग कोणत्या प्रहराचा हे आम्ही सगळेच बघतो. तो हाताला किती विश्रांती देतो हे मी यापूर्वी कोणाला मोजताना पाहिलं नव्हतं.

जी खुली तार जानेवारीत मला कोरडी वाटली होती ती आता ते लपवत नाहीत. तिच्यावर गज हलका ठेवतात आणि खालच्या तारेवर तोच सूर दाबून तिच्यात मिसळतात. दोन प एकत्र वाजतात. त्याला एक गाभा येतो.

निष्पत्ती

२०२२च्या गुरुपौर्णिमेला सर मंडळात पुन्हा बसले. पस्तीस मिनिटं, देस. जाणकारांपैकी एकानं मला विचारलं, "ताना कुठं गेल्या?" दुसऱ्यानं काही विचारलं नाही, शेवटपर्यंत डोळे मिटून होता. दोघांचंही बरोबर होतं असं मला वाटतं.

अनामिकेची संवेदना पूर्ण परत आली. करंगळी अजून टोकाला जड आहे आणि डॉक्टरांच्या मते तशीच राहील. सलग चाळीस मिनिटांच्या वर वाजवायचं नाही. ऑर्केस्ट्रा बंद तो बंद. वर्गात आता एकोणतीस विद्यार्थी आहेत, दुरुस्तीला नांदेड, लातूर, जालन्याहून वाद्यं येतात आणि मे महिन्यात घरात पाय ठेवायला जागा नसते. हाती पडणारा पैसा २०१८पेक्षा थोडा कमी, पण हंगामावर टांगलेला नाही. कर्ज फिटलं, ते वहिनींच्या भिशीतून.

एक गोष्ट गेली ती गेलीच. वेगवान साथ. तरुण गायक द्रुतात शिरले की त्यांच्या तानेला तोडीस तोड उत्तर देणारा वादक लागतो. ती बोलावणी आता येत नाहीत, आणि आली तरी सर आपल्या विद्यार्थ्याला पाठवतात. तो मुलगा परत आला की त्याला सगळं वाजवून दाखवायला लावतात. एकदा त्याचं ऐकताना सरांची करंगळी मांडीवर आपोआप पडत होती, वेळेवर.

वेगळं काय करता आलं असतं

दोन बोटं बधिर झाल्याबरोबर, कोणती दोन, हे विचारायला हवं होतं. एवढ्या एका प्रश्नानं सातातले निदान चार महिने वाचले असते. मान, रक्त, साखर सगळं बघावं लागतंच, पण वादकाला वाद्यासकट तपासायला बसवणारा माणूस आम्हाला आठव्या महिन्यात भेटला, तोही योगायोगानं.

जानेवारी २०१९ची बैठक मी रद्द करायला हवी होती. पत्रिका छापल्या होत्या हे कारण मी आजवर कोणत्याही गायकाच्या बाबतीत सांगितलेलं नाही. गायकाचा आवाज बसला की आम्ही बिनबोभाट तारीख बदलतो. हात बसला हे दिसत नाही, म्हणून त्याला आजार मानत नाही. त्यानंतर मंडळानं एक नियम केला: तब्येतीमुळे कार्यक्रम रद्द झाला तरी ठरलेल्या मानधनातलं अर्धं द्यायचं. सुरुवातीला दोन सभासदांनी विचारलं, कोणी गैरफायदा घेतला तर? चार वर्षांत दोनदा द्यावं लागलं. दोन्ही वेळा कलाकारानं ते घ्यायला आढेवेढे घेतले.

गणपतीच्या निर्णयाबद्दल आमचं आजही एकमत नाही. माझ्या मते पाच कार्यक्रम सोडले असते तर करंगळी वाचली असती. सर म्हणतात, मुलाची फी भरली गेली, त्याला संगणक शाखा मिळाली, हिशेब बरोबर आहे. वहिनी या वादात पडत नाहीत. त्यांचा आक्षेप आणखी मागचा आहे: विनाअनुदानित शाळेत सहा वर्षं तीन हजारांवर काढली त्याऐवजी तेव्हाच दुरुस्ती शिकले असते तर ऑर्केस्ट्रा कधी लागलाच नसता. याला माझ्याकडे उत्तर नाही.

२००१ला पुण्यातून परत यायचं की नाही, हा प्रश्न लोक हमखास काढतात. मला तो या प्रकरणात बिनकामाचा वाटतो. अर्धांगवायू झालेला बाप गावी आणि मुलगा पुण्यात रियाज करतोय, हे आमच्याकडे होत नाही. जे होऊ शकत नव्हतं त्याला पर्याय म्हणण्यात अर्थ नाही.

'ए' श्रेणीसाठी नव्यानं ध्वनिमुद्रण पाठवायचं का, हा विषय या दिवाळीत पुन्हा निघाला. सरांनी अर्ज भरून ठेवला आहे. राग कोणता, हे लिहायची जागा कोरी आहे. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा ते कोणाच्या तरी व्हायोलिनची खुंटी खडूनं चोळत बसले होते. मी विचारलं, "देस ना?" म्हणाले, "बघू. मारवा परत घेऊन बघायलोय, रोज दहा मिनिटं."